वसईची भग्न चर्चे आणि ‘संस्कृतिसंगम’ : उमेळे परिसराच्या संदर्भात एक विचार

१

वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चांविषयी लिहिताना ‘संस्कृतिसंगम’ हा शब्द इतक्या सहजतेने वापरला जातो की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची आवश्यकता बहुधा कोणास वाटत नाही. प्रवासवर्णने, स्थळपुस्तिका, स्मरणिका आणि काही वेळा विद्यापीठीय निबंधही या शब्दाचा आश्रय घेतात. पोर्तुगीज बांधणी, मराठ्यांचा विजय आणि आजचा स्थानिक ख्रिस्ती समाज ही तीन नावे एका वाक्यात गुंफली, की संगम सिद्ध झाला असे मानण्याची प्रथा पडली आहे. परंतु संगम म्हणजे दोन प्रवाहांनी एकमेकांत मिसळणे होय. एका प्रवाहाने दुसऱ्याचे पात्र अडवून आपले पाणी त्यात सोडले, तर त्यास संगम म्हणावे काय, हा प्रश्न वसईच्या बाबतीत टाळता येण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाची परीक्षा करावयाची असून, त्यासाठी किल्ल्याच्या आतील अवशेष आणि किल्ल्याबाहेरील गावे यांचा एकत्र विचार केला आहे.

हा प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नाही. वसईच्या भूतकाळाविषयी आज तीन प्रकारची कथने प्रचलित आहेत. पहिले पोर्तुगीज वैभवाच्या अस्ताचे, दुसरे १७३९ च्या मराठी विजयाचे आणि तिसरे स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धापरंपरेचे. पहिल्या कथनास हे अवशेष शोकगीतासारखे वाटतात, दुसऱ्यास विजयचिन्हासारखे, तिसऱ्यास तीर्थासारखे. या तिघांची गाठ कोठे पडते हे नीट सांगता आले नाही, तर ज्यांची मातृभाषा मराठीची बोली आहे आणि ज्यांचा धर्म ख्रिस्ती आहे अशा हजारो वसईकरांना आपल्याच भूमीत प्रत्येक वेळी कोणत्या तरी एका बाजूस उभे केले जाते. अभ्यासकाच्या सैल शब्दाचा भार अशा रीतीने प्रत्यक्ष माणसांवर पडतो.

२

प्रथम अवशेषांचे स्वरूप पाहणे युक्त होईल. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या दडपणाखाली वसई व तिच्याभोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांस तहाने दिला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, वसई हे त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांता’चे मुख्य ठाणे होते. सुमारे ११० एकरांचा तटबंद परिसर, त्यास एक जमिनीकडील आणि एक समुद्राकडील दरवाजा, मध्ये जुना बालेकिल्ला आणि सभोवार फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या धर्मसंघांची चर्चे व मठ, अशी या नगराची रचना होती. आज छपरे कोठेही नाहीत. लाकडी आढी व कौले गेली; दगडी भिंती, कमानी, वेदीमागील गाभाऱ्यांचे काही घुमट आणि दोन-तीन दर्शनी भाग तेवढे उभे आहेत.

यांपैकी संत जोसेफच्या चर्चला लोक ‘कॅथीड्रल’ म्हणतात. वस्तुतः पोर्तुगीज अमदानीत वसईस बिशपपीठ नव्हते. ते नगराचे मुख्य धर्मग्रामचर्च होते. स्वतंत्र वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे कॅथीड्रल किल्ल्यात नसून किल्ल्याबाहेर, उमेळ्याच्या शेजारी पापडी येथे आहे. संत जोसेफच्या दारावरील शिलालेख १६०१ चा असून गोव्याचे आर्चबिशप आलेइशो दि मेनेझिस यांच्या कारकीर्दीत झालेल्या पुनर्बांधणीचा उल्लेख त्यात येतो. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चच्या जमिनीत सोळाव्या-सतराव्या शतकांतील थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज भाषेतील मजकूर आणि घराण्यांची ढालचिन्हे कोरलेली आहेत. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत अधिक टिकला आहे. अर्धगोल कमानीचे प्रवेशद्वार, दोन्ही बाजूंस खोबणीदार स्तंभ, त्यांवर आडवी पट्टी व वरच्या टप्प्यात खिडक्या, अशी त्याची मांडणी युरोपीय प्रबोधनकालीन शिल्पग्रंथांच्या शिस्तीत बसते.

संगमवादी समीक्षकाने या दर्शनी भागासमोर उभे राहून स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा. येथे भारतीय असे काय दिसते? स्तंभांचे शीर्ष युरोपीय, कमान युरोपीय, लेखाची लिपी रोमन, भाषा पोर्तुगीज, ढालींवरील चिन्हे इबेरियन घराण्यांची. ज्यास कलाविचारात मिश्रण म्हणता येईल असे या भिंतींवर फारच अल्प आहे. तुलनेसाठी मकाव येथील संत पॉलच्या चर्चचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेही जेझुइटांचेच, तेही १८३५ च्या आगीनंतर केवळ दर्शनी भिंतीच्या रूपाने उरले. परंतु त्या भिंतीवर चिनी अक्षरांत कोरलेला मजकूर आहे आणि तिच्या घडणीत जपानी ख्रिस्ती व चिनी कारागिरांचा हात होता हे तिच्या अलंकरणातून प्रकट होते. मकावच्या भिंतीवर दोन संस्कृती एकमेकींशी बोलताना दिसतात. वसईच्या भिंतीवर एकच संस्कृती बोलते आणि ती स्वतःशीच बोलते.

येथपर्यंतचा पुरावा संगमाच्या विरुद्ध जातो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

३

तथापि भिंतीचे अलंकरण म्हणजे संपूर्ण भिंत नव्हे. वसईच्या इमारतींचा दगड या भूमीचा आहे. हा काळा दगड तासण्याची विद्या उत्तर कोकणात पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी अनेक शतके प्रौढावस्थेत होती, याची साक्ष लेणी आणि शिलाहारकालीन देवळांचे अवशेष देतात. इतकेच नव्हे, तर वसईचा बेसाल्ट समुद्रमार्गे गोव्यास गेला. १५९४ ते १६०५ या काळात जुन्या गोव्यात उभ्या राहिलेल्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी तो वापरला गेला. जांभ्या दगडाच्या त्या इमारतीस धारदार रेषा मिळाली ती वसईच्या काळ्या दगडामुळे. म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज वास्तुकलेच्या एका मान्यवर कृतीचे मुखच उत्तर कोकणच्या खाणीतून आलेले आहे.

दगड येथला, चुना येथला, हात येथले. आराखडा मात्र परका. या विभागणीस संगम म्हणण्यापेक्षा श्रमविभागणी म्हणणे अधिक यथार्थ होईल. थडग्यांच्या शिळांवर फिदाल्गोंची नावे आहेत. त्या शिळा ज्यांनी कोरल्या त्यांचे नाव कोठेही नाही. ज्यास रोमन लिपी वाचता येत नसावी अशा पाथरवटाने ती अक्षरे किती नेटकी उठविली आहेत हे पाहिले, म्हणजे या अवशेषांतील खरी अनुपस्थिती कोणाची आहे ते ध्यानी येते.

परंतु या कारागिराने एका ठिकाणी आपली खूण ठेवली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे भाषा. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. ‘घमेले’, ‘बिजागरी’, ‘चावी’, ‘पिंप’, ‘पगार’, ‘लिलाव’ हे शब्द त्याच मार्गाने मराठीत रूढ झाले. या शब्दांची यादी व्युत्पत्तिकोशात नेहमी आढळते. परंतु त्यांचे सामाजिक क्षेत्र कोणते हे क्वचितच पाहिले जाते. ते धर्मशास्त्राचे किंवा दरबाराचे शब्द नाहीत. ते बांधकामाचे, गोदीचे, कोठाराचे आणि मजुरीच्या दिवसाचे शब्द आहेत. त्यांच्याच रांगेत ‘तुरुंग’ हाही शब्द उभा आहे, हे विसरून चालणार नाही. कामावर असताना माणसाच्या कानी पडलेली ही भाषा आहे, आणि सत्तेखालील संपर्काचे रूप तीत स्पष्ट उमटले आहे. चर्चच्या भिंतीने जे लपविले ते मराठीच्या शब्दसंग्रहाने उघड ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

४

जेझुइटांचे हे चर्च मूळचे येशूच्या पवित्र नावास वाहिलेले. आज वसईतील लोक त्यास गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणतात. या नामांतराचा विचार समीक्षकांनी अद्याप पुरेसा केलेला नाही.

गोन्सालो गार्सिया याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता येथली. त्याचे शिक्षण जेझुइटांकडे झाले. किशोरवयातच तो त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथील भाषा शिकला आणि धर्मशिक्षणाच्या कामी साहाय्य करू लागला. पुढे काही काळ व्यापार करून त्याने मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या मंडळाबरोबर तो पुन्हा जपानला गेला तो दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रूसावर देहदंड झाला त्यांत तो होता. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून त्याची गणना होते.

या चरित्रात दोन गोष्टी विचारणीय आहेत. पहिली अशी की, तो पूर्ण धर्मगुरू नव्हता. संघातील साधा बंधू होता. दुसरी अशी की, त्याचे मुख्य कार्य दुभाष्याचे होते. ज्याच्या घरातच दोन भाषा होत्या त्याने तिसरी आणि चौथी भाषा आत्मसात केली, आणि राजसत्ता व धर्मसत्ता यांच्या मध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्यास सांगितले. किल्ल्याच्या आत मिश्रण झालेच नाही, या वर मांडलेल्या मतावर येथे एक रास्त आक्षेप उत्पन्न होतो. गोन्सालोची माता किल्ल्याच्या समाजव्यवस्थेतच होती. सैनिकांच्या स्थानिक स्त्रिया, त्यांची मुले, घरकाम करणारे गुलाम व सेवक यांच्यावाचून तटाच्या आतील जीवन एक दिवसही चालले नसते. तेव्हा संस्कृतींची भेट किल्ल्यातही झाली, हे खरे. परंतु ती भेट स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी आणि अंगणात झाली. दर्शनी भिंतीवर तिला जागा मिळाली नाही. गोन्सालोचे नाव घेता येते, त्याच्या मातेचे घेता येत नाही, हा या भेटीच्या असमानतेचा ठळक पुरावा होय.

अशा स्थितीत जेझुइट चर्चला गोन्सालोचे नाव लोकांनी द्यावे, ही गोष्ट अर्थपूर्ण ठरते. ज्या इमारतीच्या दगडांवर त्यांच्या पूर्वजांची नावे नाहीत, त्या इमारतीस त्यांनी आपल्यातील एकाचे नाव दिले. तो पोर्तुगीज सरदार नव्हे, वसईच्या मातेचा पुत्र होता. शिलालेख बदलता येत नाही. हाक बदलता येते. वसईकरांनी हाक बदलली.

५

१७३९ च्या घटनेचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. १७३७ मध्ये सुरू झालेली मोहीम चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई सर करून पूर्ण केली. मराठी इतिहासलेखनात या विजयास गौरवाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदपत्रांच्या प्रकाशनामुळे मोर्चे, सुरुंग, दारूगोळा व मनुष्यहानी यांचा तपशील अभ्यासकांस उपलब्ध झाला. पोर्तुगीजांच्या अखत्यारीत उत्तर कोकणातील देवालयांचा झालेला विध्वंस आणि १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची या प्रांतापर्यंत पोहोचलेली दहशत लक्षात घेता, या मोहिमेस धर्मसंरक्षणाचे स्वरूप का आले हे समजण्यास अडचण नाही. वज्रेश्वरीचे किल्लेवजा देवालय चिमाजींच्या नवसाशी परंपरेने जोडले जाते, ते याच भावनेतून.

परंतु शरणागतीच्या अटी वाचल्या असता चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. पोर्तुगीज फौजेस सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा आणि मोजकी चर्चे चालू ठेवण्याचे आश्वासन मिळाले. युरोपीय धर्मसंघांचे पाद्री गेले. त्यांच्या जागी एतद्देशीय पाद्र्यांनी धर्मग्रामांचा भार उचलला. ख्रिस्ती समाज पोर्तुगीज सत्तेच्या आधाराने उभा आहे आणि ती जाताच तो कोसळेल, ही कल्पना इतिहासाने खोटी ठरविली. सत्ता गेली, चर्चची छपरे गेली, समाज मात्र राहिला. धर्म स्वीकारण्याचे मूळ कारण काहीही असो, दोनशे वर्षांनंतर तो पूर्वजांचा धर्म झालेला होता.

विजयाबरोबर चर्चच्या घंटा देशावर गेल्या. वाईजवळील मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे वर्ष आणि बालयेशूसह मरियेची आकृती आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हा आकडा आहे. भीमाशंकर आदी क्षेत्रांतही अशा घंटा दिसतात, आणि लोकपरंपरा त्यांचा संबंध वसईच्या युद्धाशी जोडते. या घंटांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक त्यांना निव्वळ लूट म्हणते. दुसरी त्यांत सर्वधर्मसमभावाचा आविष्कार पाहते. दोन्ही रीती घंटेपेक्षा पाहणाऱ्याविषयी अधिक सांगतात. युद्धात जिंकलेली वस्तू देवास अर्पण करणे ही विजेत्याची जुनी रूढी होती, आणि तीत पराभूताविषयी आदर गृहीत धरता येत नाही. उलटपक्षी, घंटेवरील परकी आकृती व अक्षरे छिन्नीने घासून काढणे अवघड नव्हते. तसे करण्यात आले नाही, हेही तितकेच खरे. घंटेचा उपयोग तिच्या नादात होता आणि नाद दोन्ही उपासनांस मान्य होता. मेणवलीच्या घाटावर ती वाजविणाऱ्या भाविकास आकृती कोणाची हा प्रश्न पडला नसावा. या घटनेस सहिष्णुता असे भारदस्त नाव देण्याचे कारण नाही. व्यवहारात वस्तूचा अर्थ बदलतो आणि तिचे रूप तसेच राहते, एवढाच निष्कर्ष येथे निघतो. परंतु संस्कृतींच्या संपर्काच्या अभ्यासात तो फार मोलाचा आहे.

बोरिवलीजवळील मंडपेश्वर लेण्याचा इतिहास याच निष्कर्षास दुजोरा देतो. शैव लेण्याच्या मंडपात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी ख्रिस्ती उपासना सुरू केली आणि वर मठ बांधला. मराठी अमदानीनंतर लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली, वरच्या मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. एकाच खडकावर दोन उपासना नांदल्या, परंतु एकाच वेळी नव्हे. एक आली तेव्हा दुसरीस जावे लागले. यास थर म्हणता येईल; संगम म्हणता येणार नाही.

६

मग संगम झाला तरी कोठे? त्याचे उत्तर किल्ल्याच्या जमिनीकडील दरवाजातून बाहेर पडल्यावर मिळते. उमेळे, पापडी, सांडोर, गिरीज आणि पुढे नंदाखाल-आगाशीपर्यंतच्या गावांत हिंदू व ख्रिस्ती वस्त्या शेजारी शेजारी आहेत. या पट्ट्यात सोळाव्या शतकापासून चालत आलेली धर्मग्रामे असून तेथील चर्चे वारंवार दुरुस्त होत, वाढत व नव्याने बांधली जात आजही उपासनेत आहेत. किल्ल्यातील चर्चे भग्न आणि गावातील चर्चे जिवंत, हा भेद आकस्मिक नव्हे. किल्ल्यातील चर्च ज्यांच्या देणग्यांवर चालत होते ते फिदाल्गो आणि धर्मसंघ निघून गेले. गावातील चर्च ज्यांचे होते ते शेतकरी, बागायतदार व मच्छीमार कोठेही गेले नाहीत. आश्रयदाता गेला की इमारत पडते, मग तो शत्रूने घालवलेला असो की स्वकीयांनी. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनचा मठ कोणा शत्रूने पाडला नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघ बंद केल्यावर तो ओस पडला, आणि १८४२ मध्ये त्याच्या चर्चची कमान कोसळली. तेव्हा वसईच्या अवशेषांत केवळ मराठ्यांच्या तोफा पाहणे जसे अपुरे, तसे केवळ परकीय वैभव पाहणेही अपुरेच.

गावांतील मिश्रणाचा पुरावा दगडाचा नाही. तो नावांचा, बोलीचा आणि रीतींचा आहे. रमेदी आणि मर्सेस या गावांची नावे मरियेच्या ‘रेमेदियुश’ व ‘मेर्सेस’ या पोर्तुगीज बिरुदांवरून आली आणि ती मराठी ग्रामनामांच्या रांगेत बसून गेली. सामवेदी अथवा कादोडी बोली ख्रिस्ती सामवेदी आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण असे दोन्ही समाज बोलतात. धर्म वेगळा झाल्यानंतर चार शतके उलटली, तरी बोलीची फारकत झाली नाही. यांतील ख्रिस्ती समाज स्वतःस ‘कुपारी’ म्हणवितो. या नावाची व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ या शब्दाकडे नेली जाते. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जुळणारे धर्मपित्याचे नाते. परकीय शब्द, ख्रिस्ती विधी आणि एतद्देशीय ज्ञातिबंधन ही तिन्ही या एका शब्दात अशी मुरली आहेत की, त्यांना सोडविणे कठीण. उत्तर कोकणातील ख्रिस्ती विवाहांत हळद आणि ‘उंबराचे पाणी’ या रीती टिकून आहेत. वर-वधू चर्चमध्ये वचनबद्ध होतात. त्यापूर्वी विहिरीचे पाणी वाजतगाजत घरी येते. कोणत्याही धर्मसंघाने ही रचना आखून दिलेली नाही. ती गावाने आपली आपण केली आहे.

लिखित मराठीतही या मिश्रणाने आपली वाट काढली. साष्टीत लिहिल्या गेलेल्या आणि १६१६ मध्ये छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. परंतु वसईच्या बाबतीत अलीकडील काळातील उदाहरणच अधिक जवळचे आहे. ‘सुवार्ता’ मासिकाभोवती वाढलेले ख्रिस्ती लेखन आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ यांतून वसईचा ख्रिस्ती समाज मराठी वाङ्मयाच्या मध्यप्रवाहात आला. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा त्यांच्या निवडीस धर्माच्या कारणावरून विरोधही झाला. हा विरोध आणि ती निवड या दोहोंचा एकत्र विचार केला, म्हणजे वसईविषयीचे कथन अजून पूर्ण झालेले नाही हे स्पष्ट होते.

७

या पार्श्वभूमीवर आजवरच्या अभ्यासाचे मूल्यमापन करता येईल. जोझे गेर्सन द कून्य यांनी १८७६ मध्ये चौल व वसई यांच्या इतिहासावर व पुरावशेषांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ हा या विषयाचा पाया होय. झिजत चाललेल्या शिलालेखांची नोंद त्यांनी वेळीच केली, हे त्यांचे ऋण कोणताही अभ्यासक नाकारणार नाही. परंतु त्यांचे लक्ष तटाच्या आत आहे. बाहेरची गावे त्यांच्या चित्रात पार्श्वभूमीसारखी येतात. मराठी इतिहासकारांचे लक्षही, निराळ्या कारणाने, तटावरच खिळले. त्यांना तो चढावयाचा होता. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादिलेल्या महिकावतीच्या बखरीने उत्तर कोकणच्या कुळांचा व वस्तीचा एक अंतर्गत आलेख पुढे आणला, परंतु त्याचा संबंध पोर्तुगीजकालीन धर्मग्रामांशी जोडण्याचे काम बव्हंशी मागेच राहिले. अशा रीतीने विजेता आणि पराजित या दोघांच्याही इतिहासात किल्ला मध्यभागी राहिला, आणि जेथे खरी देवघेव झाली ती उमेळ्यासारखी गावे परिघावर पडली.

म्हणून किल्ल्यातील भग्न चर्चांना संस्कृतिसंगमाचे स्थान म्हणणे युक्त दिसत नाही. ती एका सत्तेची आणि तिच्या अखेरीची साक्ष आहेत. त्यांत येथील दगड व श्रम आहेत, पण येथील माणसाचा स्वर नाही. तो स्वर पुढे लोकांनी नामांतराने त्यांत भरला. संगम झाला तो गावांत, आणि तोही वेदनेशिवाय झाला असे मानण्याचे कारण नाही. जबरदस्ती, लाभ, श्रद्धा व सवय यांचे प्रमाण त्यात पिढीगणिक बदलत गेले. आज जे दिसते ते या सर्वांच्या पलीकडे गेलेले शेजारपण आहे.

या भूमिकेस एक मर्यादा आहे, तीही नमूद करणे आवश्यक आहे. गाव जिवंत म्हणून भग्न इमारत गौण, असा निष्कर्ष येथून काढता कामा नये. थडग्यांच्या शिळा उन्हापावसाने झिजत आहेत आणि किल्ल्यातील वर्दळ वाढत आहे. एक शिळा पुसली गेली की तिच्यावरील नावाबरोबर ती कोरणाऱ्या हाताचा पुरावाही नष्ट होतो. दुसरीकडे वसई-विरारच्या झपाट्याने झालेल्या नागरीकरणात सामवेदी व वाडवळी बोलींचा वापर नव्या पिढीत आकसत आहे. केंद्रीय पुरातत्त्व खाते भिंती राखू शकते. बोली राखणे त्याच्या कक्षेत येत नाही. शिळांचे वाचन आणि बोलींचे संकलन ही दोन कामे आजवर दोन निराळ्या विद्याशाखांची मानली गेली. वसईच्या बाबतीत ती एकच आहेत, कारण एकीतील मौनाचे उत्तर दुसरीत सापडते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी किल्ल्यातील भिंतींची मापे घ्यावीत, आणि परतताना पापडी-उमेळ्याच्या वाटेने यावे. तेथील वृद्धांस मेस्त्री, घमेले आणि कुपारी हे शब्द कसे उच्चारले जातात ते विचारावे, आणि उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे.